कॉट्सवोल्डमधला घारापुरीचा खांब

घारापुरीच्या मोठ्या लेण्यातला खांब एकदा नीट पाहिला की पुन्हा कुठेही ओळखू येतो. निम्म्या उंचीपर्यंत जाड चौकोनी बैठक, तिच्यावर खोबणीदार गोल खांब आणि माथ्यावर डोंगराच्या भाराने दबल्यासारखी दिसणारी दगडी उशी. हा खांब सडपातळ नाही, डौलदारही म्हणता येणार नाही. त्याचे सगळे म्हणणे वजनाविषयी आहे. या खांबाची इंग्रजी नातवंडे ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधल्या एका ओढ्यात उभी आहेत आणि एका पुलाला खांदा देत आहेत. पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले आहेत. पुलावरून जाणारी वाट एका घराकडे जाते. त्या घरावर कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट आहे, कोपऱ्यांवर छत्र्या आहेत आणि भिंतींच्या माथ्यावर चांगला खोल छज्जा आहे. घराचे नाव सेझिंकोट. नावाचा अर्थ अगदी इंग्रजी मातीतला: ओकच्या झाडांमधली वस्ती. १८०५ च्या सुमारास ते बांधायला घेतले.

या घराची छायाचित्रे मी गेली काही वर्षे ओळखीच्या लोकांना दाखवत आलो आहे. प्रतिक्रिया बहुतेक दोनच मिळतात. एक अभिमानाची: बघा, आपल्या कलेने साहेबालाही वेड लावले. दुसरी संतापाची: लुटीच्या पैशांवर बांधले आणि वर आमचेच घुमट चढवले. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही प्रतिक्रिया घुमटापाशीच थांबतात. घुमट हा या घराचा सर्वांत कमी बोलका भाग आहे, असे माझे मत आहे. घर वाचायचे असेल तर आधी त्याचा सांगाडा पाहावा लागतो, मग तो कोणाच्या पैशांवर उभा राहिला ते, आणि शेवटी पुलाखाली उतरावे लागते.

सांगाडा जॉर्जियन आहे. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळातल्या वास्तुशैलीला त्यांच्या नावाने ओळखतात. गावाकडचे जॉर्जियन घर म्हणजे जमीनदाराचा मुख्य मुक्काम. त्याची आदर्श प्रतिमा इटलीतून आली. विचेन्झा शहराच्या परिसरात सोळाव्या शतकात पल्लादिओ नावाच्या स्थपतीने बांधलेली घरे आणि त्याने लिहिलेला ग्रंथ इंग्रज उमरावांनी जवळजवळ स्मृतीसारखा प्रमाण मानला. नियम थोडे पण कडक होते. घराच्या मध्यावर काल्पनिक रेषा ओढली तर डावी बाजू उजवीसारखीच दिसली पाहिजे. खिडक्या एका मापाच्या, एका ओळीत. पाहुण्यांचे दिवाणखाने जमिनीपासून उंचावर, स्वयंपाक आणि नोकरचाकर खाली. घर पार्कच्या मधोमध एकटे. पार्क म्हणजे बागेसारखा न दिसणारा बगीचा. हिरवळ, तळे आणि झाडांचे पुंजके असे मांडलेले असत की ते निसर्गाने मांडल्यासारखे वाटावेत. मेंढ्या दारापर्यंत येऊ नयेत म्हणून कुंपणाऐवजी खोल चर खणत. दिवाणखान्यातून तो चर दिसत नसे. त्यामुळे मालकाची जमीन क्षितिजापर्यंत अखंड गेलेली भासे.

मराठी वाचकाला हे समजायला सर्वांत सोपी तुलना वाड्याची. पेशवाईतला वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेर उंच भिंत, दिंडी दरवाजा, फार तर एखादा नगारखाना. सौंदर्य आत, चौकात. घरातली माणसे चौकाकडे तोंड करून राहतात. आभाळ हवे असेल तर तेही चौकातलेच. जॉर्जियन घर नेमके उलट. त्याला चौक नाही. ते चारी बाजूंनी बाहेर पाहते आणि चारी बाजूंनी स्वतःला दाखवते. वाडा सांगतो, आत कोण आहे ते तुम्हाला कळायचे कारण नाही. हे घर सांगते, दिसते आहे तिथपर्यंतची जमीन कोणाची आहे ते पाहून घ्या.

हे दाखवणे निव्वळ हौसेचे नव्हते. १७११ च्या एका कायद्यान्वये पार्लमेंटमध्ये परगण्याचा प्रतिनिधी व्हायला वर्षाला ६०० पौंडांचे आणि शहरांचा प्रतिनिधी व्हायला ३०० पौंडांचे जमिनीचे उत्पन्न लागे. जहाजातला, पेढीतला किंवा कंपनीच्या रोख्यांतला पैसा त्यासाठी चालत नसे. पैसा आधी मातीत मुरवावा लागे, मग त्या मातीवर घर, मग खासदारकी, मग बिरुद. ही शिडी ज्यांना सर्वांत घाईने चढायची होती, ते हिंदुस्थानातून परतलेले कंपनीचे नोकर. इंग्लंडात त्यांना ‘नेबॉब’ म्हणत. आपल्याच ‘नवाब’ शब्दाची ही मोडतोड, आणि तिच्यात कौतुक अजिबात नव्हते. १७७२ मध्ये सॅम्युअल फूट याने ‘द नेबॉब’ नावाचे नाटकच रंगभूमीवर आणले. त्यात हा नवश्रीमंत हास्यास्पद तर आहेच, पण भीतिदायकही आहे, कारण तो आपल्या पैशाने जुन्या घराण्यांना विकत घेऊ पाहतो.

मग या नेबॉबांनी कशी घरे बांधली? क्लाइव्हने सरेमध्ये क्लेअरमाँट बांधले. बंगालमध्ये पैसा केलेल्या फ्रान्सिस सायक्सने बर्कशायरमध्ये बॅसिल्डन पार्क बांधायला घेतले. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने १७८८ पासून डेल्सफर्ड उभे केले, आणि त्याच वर्षी त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला. ही सगळी घरे दर्शनी भागात पल्लादिओच्या वळणाची. रोमन खांब, त्रिकोणी कपाळपट्टी, सोबर खिडक्या. कलकत्ता किंवा मुर्शिदाबाद कुठेही दिसणार नाही याची काळजी घेतलेली. अपवाद डेल्सफर्डच्या एका लहानशा घुमटाचा, आणि तोही जरा लाजत डोकावणारा. ज्या पैशाबद्दल लोक कुजबुजत होते, त्याच्यावर ग्रीस आणि रोमची पांढरी चादर घालणे शहाणपणाचे होते.

सेझिंकोटने ही चादर बाहेरून काढली. का, या प्रश्नाचे उत्तर कॉकरेल कुटुंबात शोधावे लागते.

तीन भाऊ. जॉन बंगालच्या फौजेत कर्नल होता. परत आल्यावर त्याने १७९५ मध्ये ही जमीन घेतली, हेस्टिंग्जच्या डेल्सफर्डपासून फार लांब नाही अशा ठिकाणी. तीनच वर्षांत तो वारला. मालमत्ता भावंडांकडे आली आणि इतरांचे वाटे विकत घेऊन चार्ल्स एकटा मालक झाला. चार्ल्स १७७६ मध्ये कंपनीचा लेखक म्हणून कलकत्त्याला गेला होता. लेखक म्हणजे कारकून. पुढे तो बंगालचा पोस्टमास्टर जनरल झाला. पण खरी कमाई पेढीची. कलकत्त्यातल्या अशा पेढ्यांना ‘एजन्सी हाऊस’ म्हणत. कंपनीच्या नोकरांची शिल्लक ठेव म्हणून घ्यायची, नीळ आणि जहाजे यांत गुंतवायची, हुंडीने लंडनला पोहोचवायची, वेळ पडली तर खुद्द कंपनीलाच कर्ज द्यायचे, असा हा धंदा. चार्ल्सने तलवार चालवली नाही, तहही केले नाहीत. ज्यांनी ते केले त्यांचा पैसा त्याने सांभाळला आणि घरी पोहोचवला. माझ्या समजुतीने त्याच्या घराचा मोकळेपणा इथून येतो. क्लाइव्ह आणि हेस्टिंग्ज यांना पार्लमेंटपुढे उभे राहावे लागले होते. पेढीवाल्याला कोणी जाब विचारत नाही.

पुढचा क्रम शिडीबरहुकूम आहे. १८०२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या एका छोट्या मतदारसंघातून खासदारकी. १८०८ मध्ये लॉर्ड नॉर्थविकच्या मुलीशी, हॅरिएट रशाउटशी, दुसरे लग्न. १८०९ मध्ये बॅरोनेट हे बिरुद. घर या सगळ्याच्या मधोमध उभे राहिले.

तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल हा या घराचा स्थपती. डेल्सफर्डही त्याचेच, आणि १८०६ पासून तो लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सर्व्हेअर होता. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. घुमट, छज्जा, छत्री यांचे त्याचे ज्ञान कागदावरचे. म्हणून त्याने जे केले ते पाहणे उद्बोधक आहे. सोनसळी दगडाचे साधे चौकोनी जॉर्जियन घर त्याने आखले: मधला भाग किंचित पुढे, बाजू एकमेकींसारख्या, मुख्य दिवाणखाने पहिल्या मजल्यावर. मग त्या आखणीला हात न लावता प्रत्येक इंग्रजी अवयवाला त्याने हिंदुस्थानी पर्याय दिला. रोमन कपाळपट्टीच्या जागी मशिदीच्या दर्शनी भागासारखी उंच कमान. कॉर्निसच्या जागी दगडी तोड्यांवर तोललेला छज्जा. खिडक्यांच्या माथ्यावर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी. एका बाजूने अर्धवर्तुळात वळत गेलेले काचघर, त्याच्या टोकाला अष्टकोनी मंडप. उलट दिशेने हे सगळे सोलून काढा, खाली पुन्हा एक नेमस्त पल्लादियन घर सापडेल.

छज्जा घ्या. आग्र्याला किंवा फत्तेपूर सिक्रीला छज्जा सावली टाकतो. मे महिन्यात दुपारच्या उन्हात त्याच्याखाली भिंत वाचते, आणि पावसाळ्यात पाणी भिंतीपासून दूर पडते. ग्लॉस्टरशायरमध्ये ऊन टाळायचे नसते, साठवायचे असते. मी गेलो तेव्हा मे महिनाच होता आणि अंगावर स्वेटर होता. तरी छज्जा तिथे शोभतो, हे कबूल करावे लागते. भिंतीवर त्याची एक बारीक काळी रेघ पडते आणि तिच्यामुळे सबंध घर जरा हलके होते. कॉकरेलचे डोळे चांगले होते. त्याला छज्जाचे काम माहीत नव्हते, पण त्याची सावली त्याने चित्रांत नीट पाहिली होती.

आत गेले की मात्र हिंदुस्थान दारातच संपतो. आतले घर ग्रीक-रोमन वळणाचे, चांगले आणि खर्चिक. नक्षीदार कमान नाही, जाळी नाही. अपवाद चार्ल्सच्या निजण्याच्या खोलीचा. बाजूला काढलेल्या एका मंडपात तिची रचना तंबूसारखी होती, लाकडी भाल्यांवर छत तोलल्याप्रमाणे. म्हणजे घरात शिरलेला हिंदुस्थान हा फौजेच्या छावणीचा. राहायचे इंग्रजासारखे, दिसायचे नवाबासारखे, आणि झोपायचे मोहिमेवर असल्यासारखे!

कॉकरेलने पाहिलेली चित्रे प्रामुख्याने टॉमस डॅनियलची. हा चित्रकार आपला पुतण्या विल्यम याच्यासह १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि पुढची सात वर्षे हिंदुस्थानभर हिंडला. परत जाऊन दोघांनी १७९५ ते १८०८ या काळात १४४ चित्रांची मालिका छापली, ‘ओरिएंटल सीनरी’. इंग्लंडच्या सुशिक्षित वर्गाच्या मनातला हिंदुस्थान बऱ्याच अंशी याच मालिकेने घडवला. सेझिंकोटच्या बागेची मांडणी डॅनियलने केली आणि घराच्या बाबतीतही सल्ला दिला. तो या प्रकल्पातला, हिंदुस्थान स्वतः पाहिलेला कलावंत.

आणि इथे एक गोष्ट लक्षात येते. इंग्रजी लेखनात ती मला कुठे ठळकपणे मांडलेली दिसली नाही. डॅनियल काका-पुतणे आग्रा आणि दिल्ली रेखाटत होते ते १७८९ च्या सुरुवातीला. त्याच्या आदल्या वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजांनी गुलाम कादिरकडून दिल्ली सोडवली होती. बादशहा शाह आलम गादीवर होता, पण डोळे गमावलेला आणि शिंद्यांच्या आसऱ्याला. म्हणजे ज्या शहरांना डॅनियलच्या चित्रांनी ‘मुघल’ म्हणून अमर केले, त्यांचा कारभार त्या दिवसांत मराठ्यांच्या हातात होता. चित्रांत मराठे नाहीत. असण्याचे कारणही नाही, कारण चित्रकार भग्न घुमट आणि जुनी झाडे शोधत होता. त्याच्या पिढीला ‘पिक्चरेस्क’ म्हणजे चित्रासारखे, जरा पडझड झालेले सौंदर्य हवे असे. चालू सत्ता कधीच चित्रासारखी दिसत नाही.

पुढे १७९३ मध्ये दोघे मुंबईला आले. तिथे त्यांची गाठ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी पडली आणि त्याच्याबरोबर त्यांनी मुंबईच्या आसपासची लेणी पाहिली. त्यात घारापुरी होती. घारापुरी तेव्हा इंग्रजांकडे होती, तीही मराठ्यांकडून आलेली. साष्टीबरोबर ती त्यांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, कारंजा आणि हॉग आयलंड ही बेटे त्यांच्याकडेच राहिली. शाळेच्या इतिहासात हा तह महादजींच्या मुत्सद्देगिरीसाठी शिकवतात. त्यातले हे कलम सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

तिसरा धागा थेट पुण्याचा. वेल्स १७९२ पासून पुण्यात होता, रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी यांची त्याने काढलेली चित्रे आपल्या परिचयाची आहेत. १७९५ च्या शेवटी तो वारला. त्याच्याजवळची वेरूळची रेखाटने डॅनियलच्या हाती आली आणि १८०३ मध्ये २४ चित्रांचा संग्रह म्हणून लंडनमध्ये छापली गेली. त्याचबरोबर मॅलेटसाठी एक मोठे तैलचित्रही डॅनियलने पुरे केले: १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहासाठी शनिवारवाड्यात भरलेला पेशव्यांचा दरबार. मसनदीवर तरुण सवाई माधवराव, शेजारी नाना, समोर मॅलेट. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि त्याचे साल आहे १८०५. ज्या वर्षी सेझिंकोटचे काम सुरू झाले त्याच वर्षी डॅनियलच्या चित्रफलकावर शनिवारवाडा होता. हा दरबार त्याने पाहिलेला नव्हता. वेल्सनेही पाहिलेला नव्हता. दरबार भरला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोहोचलाच नव्हता. जागा आणि माणसे पुढे रेखाटून प्रसंग रचलेला आहे.

या साखळीतली एक कडी अशी आहे की ती लंडनपर्यंत पोहोचली नाही. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार मॅलेटकडे आणि नंतर वेल्सकडे काम करत होता. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने १७९० मध्ये रेखाटला. पर्वतीचे त्याचे दृश्य १७९५ चे. लेणी मोजून त्यांची चित्रे काढण्याचे कामही त्याने केले. वेरूळवरच्या १८०३ च्या संग्रहाच्या शीर्षकपानावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे. गंगारामचे नाही. त्याची बरीच चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि तिथे ती त्याच्या नावाने नोंदलेली आहेत. सेझिंकोटच्या अमुक दगडावर गंगारामच्या रेघेची सावली आहे असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. घारापुरी तर डॅनियलने स्वतः पाहिली होती. पण पश्चिम हिंदुस्थानातली लेणी ज्या माणसांच्या डोळ्यांतून आणि हातांतून इंग्लंडला पोहोचली, त्यांची मोजदाद करताना तीन इंग्रजी नावांवर थांबणे बरोबर नाही.

इथे विचारायला हवे की इतका मराठी मुलूख पायाखाली आणि कागदावर येऊनही सेझिंकोटवर मराठी वास्तूचा एकही अंश का नाही. मला वाटते, उत्तर वाड्याच्या स्वभावात आहे. जी वास्तू बाहेरून काही दाखवतच नाही, तिचा बाहेरचा पोशाख काढून दुसऱ्या घराला घालणार कसा? सेझिंकोट बांधले जात होते त्याच सुमारास, १८०७ च्या आसपास, पुण्यात दुसरा बाजीराव विश्रामबाग वाडा बांधत होता. तिथल्या सागवानी खांबांकडे पाहा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, माथ्यावर केळफूल. ही घडण मुळात मुघलांची. उत्तरेत ती दगडात होती, पुण्याच्या सुतारांनी ती लाकडात आणली, आणि दोन पिढ्यांत ती इतकी आपली झाली की आज आपण तिलाच मराठा शैली म्हणतो. म्हणजे एकाच दशकात, एकाच मुघल भांडारातून, पुणे आणि ग्लॉस्टरशायर दोघेही उचलत होते. उसने घेणे हा गुन्हा नाही. फरक उसन्या वस्तूला कामाला लावण्यात आहे. विश्रामबागेतला सुरूचा खांब वरचा मजला पेलतो. सेझिंकोटची कमान काही पेलत नाही. ती एका इंग्रजी भिंतीवर टेकवलेली आहे.

याला अपवाद पुलाचा, म्हणूनच मी त्याच्याकडे वाचकांना नेतो आहे. घराच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. तिथे डॅनियलने सूर्याचे छोटे देऊळ बांधले. सूर्याची मूर्ती कोड स्टोनची, म्हणजे एलिनॉर कोड या कर्तबगार बाईच्या लंडनमधल्या कारखान्यात भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाची. देवळापुढच्या कुंडातून पाणी टप्प्याटप्प्याने खाली उतरते. वाटेत एका खोडाला वेढा घातलेला तीन फण्यांचा नाग आहे. मग पाणी पुलाखालून जाते. बाग म्हणून ही जागा फार सुंदर आहे. पूजेच्या हिशेबाने पाहिले तर सगळा घोळ आहे: खांब शंकराच्या लेण्यातले, नंदी कठड्यावर, देवळात सूर्य, आणि मागे मशिदीसारख्या कमानीचे घर. डॅनियलला यात काही विसंगत वाटले असेल असे दिसत नाही. त्याच्या मालिकेत ही सगळी पाने एकापुढे एक होतीच. त्याने ती उलगडून उतारावर मांडली.

गाडीवाट पुलावरून जाते. चार्ल्सकडे येणाऱ्या पाहुण्याला गाडीतून नंदी दिसत आणि पलीकडे घुमट. खांब दिसायचे तर उतरून, ओढ्यातल्या दगडांवर पाय देत पुलाखाली जावे लागते. तिथे बसायला बाक आहे. मी बराच वेळ बसलो. डोक्यावर पूल, समोर पाणी, आणि दोन्ही बाजूंना घारापुरीची ती दबलेली उशी.

घारापुरीला तो खांब कोणी उभारलेला नाही. लेणे बांधत नाहीत, कोरतात. वरून आणि समोरून दगड काढत जातात आणि जिथे काढत नाहीत तिथे खांब उरतो. त्याच्या माथ्यावरचे छत त्याच्यावर ठेवलेले नसते, ते आणि तो एकाच डोंगराचे. माथ्यावरची उशी भाराने दबल्यासारखी दाखवणे ही कारागिराची कल्पना: जणू इथे काही बांधले आहे, आणि ते जड आहे. इंग्लंडच्या ओढ्यात मात्र तोच खांब सुटा घडवला गेला, उभा केला गेला आणि त्याच्यावर खरोखरच दगडी पूल ठेवला गेला. हजाराहून अधिक वर्षे भार पेलण्याचा आव आणणारा खांब इथे प्रथम भार पेलू लागला. गाड्या, घोडे, पाहुणे. सबंध सेझिंकोटमध्ये उसने घेतलेली वस्तू खरे काम करते आहे अशी ही ठळक जागा, आणि ती दर्शनी नाही.

घराची पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. १८०७ मध्ये पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने ते पाहिले. उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टनचाही सेझिंकोटमध्ये सल्ला घेतला गेला होता. त्याने ब्रायटनच्या राजवाड्यासाठी १८०८ मध्ये हिंदुस्थानी पद्धतीचा आराखडा छापला. पण काम मिळाले जॉन नॅशला, आणि १८१५ पासून त्याने ब्रायटनचे जे काही केले ते सेझिंकोटपुढे फारच भडक आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ त्याच ब्रायटनच्या घुमटांखाली होते. बरे वाटावे म्हणून घरच्यासारखी जागा निवडली, अशी त्यामागची एक कल्पना होती म्हणतात. गावाकडच्या घरांत मात्र सेझिंकोटचे अनुकरण जवळजवळ झालेच नाही. नेबॉबांची पिढी सरली, कंपनीच्या नोकरांना बांधील पगार आला, आणि हिंदुस्थानची आठवण इंग्रजी घरात मिरवण्यासारखी राहिली नाही. कॉकरेल १८३७ मध्ये वारला. १८८४ मध्ये घर दुसऱ्या कुटुंबाकडे गेले. कवी जॉन बेट्जमन विद्यार्थिदशेत तिथे येत असे आणि आपल्या पद्य आत्मचरित्रात त्याने घराला जागा दिली आहे. १९४४ मध्ये क्लाइनवर्ट या बँकर घराण्याने ते घेतले आणि दुरुस्त केले. पेढीवाल्याचे घर पुन्हा पेढीवाल्याकडे आले.

घराच्या दक्षिणेला आज जी मुघल वळणाची बाग दिसते, सरळ पाट आणि दोन्ही बाजूंना हिरवे सुळके, ती डॅनियलची नाही. ती १९६० च्या दशकातली. घराच्या मालकीणबाई हिंदुस्थानात जाऊन आल्यावर त्यांनी ती करवून घेतली. चारबागेत पाटाच्या कडेने सुरूची झाडे हवीत, पण सुरू तिथल्या हिवाळ्याला पुरा पडेल याची खात्री नसते. म्हणून उद्यानतज्ज्ञ ग्रॅहॅम स्टुअर्ट टॉमस यांच्या सल्ल्याने सुरूच्या जागी आयरिश यू लावले. इंग्लंडच्या चर्चांच्या आवारात, थडग्यांशेजारी, दिसते ते हे झाड. लांबून ते अगदी सुरूसारखे वाटते.